टकलाखाली काय उरतं

सांताक्रूझ स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून एस. व्ही. रोडला लागलं, की केसांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसायला लागतात. मुंबईच्या उपनगरांत या पाट्यांची भाषा दर काही वर्षांनी बदलत आली आहे. आधी तेलं होती, मग विव्हिंग आलं, मग ट्रान्सप्लांट आणि आता पीआरपी, एक्सोसोम, स्टेम सेल. शेवटचा शब्द सर्वांत भारदस्त, आणि त्यामागचं विज्ञानही खरोखर मोठं आहे. पण तो ऐकून माणसाच्या मनात जे चित्र उभं राहतं ते चुकीचं असतं. भाताची रोपं जळाली तर त्या जागी दुसरी लावावीत, तशा डोक्यातल्या पेशी मेल्या म्हणून नव्या टोचायच्या, असं ते चित्र. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, मेलेल्या नसतात. त्या जागच्या जागी असतात, फक्त त्यांना कामाला लावणारा निरोप पोचत नसतो. पेशींवर आधारलेल्या उपचारांना भवितव्य आहे की नाही, हे या एका गोष्टीवर ठरतं. जो उपचार तो निरोप पुन्हा सुरू करील त्याच्याकडून मोठी आशा ठेवता येते. जो नुसत्या पेशी टोचून मोकळा होतो, त्याच्याकडून फारशी नाही.

केस गेले तरी मूळ टिकू शकतं, याचा एक पुरावा आपल्याच राज्यात नुकताच पाहायला मिळाला. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, मुलं, कुणी सुटलं नाही. संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं, रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, आणि त्यावरून बराच वादही झाला. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं ते पुढचं आहे. काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागले. त्यांच्या डोक्यात कुणी पेशी टोचल्या नव्हत्या. विषाने वाढता केस तोडला होता, मूळ राहिलं होतं.

कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरून पाहिला तर टोकाशी टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा मणी दिसतो. तो दिसला की ‘मुळासकट गेला’ म्हणून जीव खालीवर होतो. खरं तर तो मणी म्हणजे मूळ नव्हे. वाढ संपलेल्या केसाचं ते सुकून घट्ट झालेलं खालचं टोक असतं. मूळ कातडीतच राहतं, एका बारीक कुपीसारखं. आपल्या डोक्यावर अशा साधारण लाखभर कुप्या असतात, आणि प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवरासावर, सुमारे तीन महिने विश्रांती, मग जुना केस गळतो आणि त्याच कुपीतून नवा येतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात ते या हिशेबाने. कुपीच्या तळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा छोटा गोळा असतो, आणि बाजूला, थोडं वर, एक फुगवटा. १९९० मध्ये कॉट्सारेलिस, सन आणि लॅव्हकर यांनी दाखवून दिलं की केसाच्या मूलपेशी या फुगवट्यात राहतात. तोपर्यंत त्या तळाशी असाव्यात असाच समज होता. खालचा गोळा निरोप पाठवतो, फुगवट्यातल्या पेशी तो ऐकून विभागू लागतात, त्यांची पिल्लावळ खाली उतरून केस विणते. कारखाना फुगवट्यात आहे आणि हुकूम तळाच्या गोळ्यातून सुटतो, असं म्हणता येईल.

टकलात बिघाड या हुकमातच होतो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. मात्र टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. आनुवंशिकता आणि संप्रेरक, दोन्ही जुळावी लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डीएचटी हे संप्रेरक ज्या पेशींवर बसतं, त्यात डर्मल पॅपिलाच्या पेशी मुख्य. तो गोळा मग लहान होत जातो, निरोप क्षीण होतो, दर फेरीत वाढीचा काळ आखडतो, आणि जाड काळ्या केसाच्या जागी आधी बारीक आणि शेवटी डोळ्याला न दिसणारी लव उरते. म्हणजे बहुतेक टकलांवर केस असतातच, ते लव होऊन बसलेले असतात. २०११ मध्ये लुईस गार्झा आणि कॉट्सारेलिस यांच्या गटाने एकाच माणसाच्या डोक्यावरची टकली आणि केसाळ कातडी शेजारी ठेवून मोजणी केली. मूलपेशींची संख्या दोन्हीकडे सारखीच निघाली. टकल्या भागात कमी होत्या त्या मूलपेशींपासून निघणाऱ्या पुढच्या पायरीच्या पेशी, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागणाऱ्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे, आणि स्टेम सेलच्या जाहिरातीत तो कधी येत नाही. ज्या डोक्यात मूलपेशी भरपूर आहेत तिथे आणखी मूलपेशी ओतून काय साधायचं?

म्हणून खरं संशोधन हुकूम देणाऱ्या पेशींच्या मागे आहे. १९८४ मध्ये कॉलिन जाहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मिशीतला पॅपिला काढून काचेच्या बशीत वाढवला आणि तळ कापून टाकलेल्या कुपीत परत ठेवला. कुपी पुन्हा केस विणू लागली. पुढचा प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात जाहोदा यांच्या डोक्यातल्या केसाच्या तळाचं इवलंसं आवरण काढून ते त्यांची पत्नी आणि सहसंशोधक अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हाताच्या कातडीत बसवलं गेलं. त्या जागी, जिथे एरवी नुसती लव असते, तिथे नवे जाड केस उगवले. तपासणीत कुपीच्या तळाशी पुरुषाच्या पेशी सापडल्या. १९९९ मध्ये ‘नेचर’ने हे छापलं. त्यातून दोन गोष्टी कळल्या. मोठ्या माणसाच्या कातडीत अगदी नवी केसाची कुपी घडवता येते. आणि ती घडवायला फार थोड्या पेशी पुरतात, फक्त त्या हुकूम देणाऱ्या हव्यात.

मग पंचवीस वर्षं झाली तरी हा उपचार बाजारात का नाही? अडचण समजायला आजचं केसरोपण पाहावं लागतं. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं की डोक्यामागच्या झालरीचे केस पुढे नेऊन लावले तरी ते मागच्यासारखेच टिकतात. सगळं केसरोपण या एका निरीक्षणावर उभं आहे. पण त्यात नवा केस एकही जन्माला येत नाही, मागचा पुढे येतो इतकंच. झालर संपली की संपलं. ही मर्यादा न मानता घाईने जास्तीत जास्त केस उपटण्याची हाव जिवावर बेतू शकते. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला तेव्हा एकाच बैठकीत नऊ हजारांवर कलमं लावल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहून सांगावं लागलं की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, रीतसर शिक्षण हवं. पेशींच्या उपचाराचं खरं आकर्षण इथे आहे. मागचे चार-दोन केस घ्यावेत, त्यांच्या तळाच्या पेशी प्रयोगशाळेत लाखोंनी वाढवाव्यात आणि डोकं भरून काढावं, झालरीला हात न लावता.

अडतं ते या वाढवण्यात. माणसाच्या पॅपिला पेशी बशीत सपाट पसरून वाढवल्या की काही पिढ्यांतच त्या आपण कोण होतो हे विसरतात. दिसायला जिवंत, विभाजन चालू, पण हुकूम देण्याची ताकद गेलेली. उंदराच्या पेशी इतक्या विसराळू नसतात, त्यामुळे उंदरावरच्या यशाच्या बातम्या येत राहिल्या आणि माणसाचं डोकं होतं तसंच राहिलं. ‘शास्त्रज्ञांनी टकलावर उपाय शोधला’ अशी बातमी वाचताना आधी पाहावं, केस कुणाला आले? २०१३ मध्ये क्लेअर हिगिन्स, जाहोदा आणि अँजेला क्रिस्टियानो यांनी या विस्मरणावर एक साधी युक्ती केली. पेशी सपाट न पसरवता थेंबात लटकवून ठेवल्या, म्हणजे त्या गोळा होऊन बसल्या, जशा कातडीत बसतात. हे गोळे माणसाच्या कातडीच्या तुकड्यात घालून तो तुकडा उंदरावर लावला तेव्हा सात दात्यांपैकी पाचांच्या पेशींनी केस उगवून दाखवले. पण हरवलेल्या जनुकीय हालचालींपैकी जास्तीत जास्त २२ टक्केच परत आल्या होत्या. शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या माणसाला जुना बाक दाखवावा आणि त्याला एखादी कविता आठवावी, पण सगळा अभ्यास आठवू नये, तसं काहीसं.

माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहास म्हणूनच खडतर आहे. जपानच्या टोप बनवणाऱ्या अ‍ॅडेरान्स कंपनीने २००२ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी संशोधन संस्था काढली आणि २०१३ मध्ये ती बंद केली. ब्रिटनच्या इंटरसायटेक्सचा प्रयत्नही त्याआधीच थांबला होता.  सर्वांत प्रामाणिक उत्तर अलीकडे जपानमधूनच आलं. तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटीचे र्‍योजी त्सुबोई आणि सहकाऱ्यांनी, शिसेइदो कंपनीच्या साथीने, ५० पुरुष आणि १५ स्त्रियांच्या डोक्यामागून केसाच्या तळाच्या आवरणातल्या पेशी घेतल्या, वाढवल्या आणि ज्याच्या त्याला परत टोचल्या. डोक्यावर चार जागा ठरवल्या. तीन जागी वेगवेगळी मात्रा, चौथ्या जागी नुसतं द्रव, आणि कुठे काय आहे हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. २०२० मध्ये निष्कर्ष छापले गेले. सहाव्या आणि नवव्या महिन्यात केसांची दाटी आणि जाडी वाढली, ती सर्वांत कमी मात्रा दिलेल्या जागी. तीन लाख पेशींनी जे केलं ते पंचाहत्तर लाख पेशींना जमलं नाही. वाढ माफक होती, टकल्या डोक्यावर रान उगवावं अशी नव्हे. तरी जास्त पेशी म्हणजे जास्त केस हे गणित तिथे मोडलं. पेशी म्हणजे खत असतं तर असं झालं नसतं.

यावर सर्वांत सहज येणारा आक्षेप असा, की हे सगळं ठीक, पण ओळखीच्या माणसाने पीआरपी घेतलं आणि त्याचे केस आले, त्याचं काय? पीआरपीमध्ये दंडातून रक्त घेऊन नळी यंत्रात गरगर फिरवतात. थांबल्यावर नळीत तळाशी लाल थर, मध्ये पांढरट बारीक रेघ आणि वर पिवळसर पाणी दिसतं. त्या पाण्यातला बिंबिकांनी दाट झालेला भाग डोक्यात टोचतात. बिंबिका म्हणजे मज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटलेले तुकडे. त्यांना केंद्रक नसतं, त्यांचं विभाजन होत नाही, आठवडा-दहा दिवसांत संपतात. त्यातून वाढीची रसायनं सुटतात आणि काही छोट्या चाचण्यांत त्यांचा थोडा फायदा दिसला आहे, हे मान्य करायलाच हवं. पण तयार करण्याची रीत जागोजागी निराळी, म्हणून निकालांची तुलना करणं अवघड. आणि हा पेशींचा उपचार नव्हे, स्टेम सेलचा तर मुळीच नव्हे. दुसरं, मुंबईत पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइड होतो आणि दोन-तीन महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, केस ओंजळीने गळू लागतात. तापाने एकदम विश्रांतीला गेलेले ते केस असतात. बाळंतपणानंतरही हेच होतं. अशी गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. घाबरलेला माणूस नेमका त्याच काळात सुया घेतो आणि श्रेय सुईला जातं. सोबत मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध चालू असेल तर ते कुणाचं काम हे सांगणं आणखी कठीण. चाई पडते तेव्हा तर कारणच तिसरं असतं, शरीराची प्रतिकारशक्ती केसांवर उलटलेली असते. २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब मान्य झालं ते हा हल्ला थांबवतं म्हणून. केस परत येतात, कारण तिथेही मूळ शाबूत असतं.

दुसरा आक्षेप, स्वतःच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी स्वतःच्याच डोक्यात घातल्या तर बिघडतं काय? चरबीतल्या पेशी चरबीची कामं शिकलेल्या असतात. केसाच्या कुपीला हुकूम देणं त्यांना ठाऊक आहे असं मानायला ठोस आधार नाही. जंतुसंसर्ग, सूज, दाह हे धोके ‘स्वतःच्या’ म्हणून टळत नाहीत. भारताचे नियम या बाबतीत संदिग्ध नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर मान्यता मिळालेल्या चाचणीतच व्हावा. २०१९ च्या औषध आणि चाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन कायम ‘नवं औषध’ धरलं जातं. चाचणी असेल तर तिची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते, आणि ती वही कुणालाही घरबसल्या पाहता येते. त्याहून जुना आधारही आहे. औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत, जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांच्या यादीत, टक्कल अगदी वरच्या ओळींत आहे. एक्सोसोमच्या, म्हणजे पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या, बाबतीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता की असं एकही उत्पादन त्यांनी मान्य केलेलं नाही.

याचा अर्थ पेशींचा उपचार आपल्याकडे होणारच नाही, असा कुणी काढू नये. सांताक्रूझहून पवई काही लांब नाही. तिथल्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेलं काम टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या साथीने रुग्णांपर्यंत गेलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या देशी कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं, वाढवून परत सोडायच्या. पेशी बाहेर काढून, वाढवून, निर्जंतुक ठेवून परत देण्याची सारी शिस्त मुंबईत आहे, आणि परदेशापेक्षा कितीतरी कमी खर्चात आहे. पण टी पेशी एकट्याने शिकार करते. तिला रक्तात सोडलं की पुढचं ती बघते. केस हा मात्र एक अवयव आहे, कितीही बारीक असला तरी. त्याला तळ हवा, फुगवटा हवा, तेलाची ग्रंथी, रंग देणाऱ्या पेशी, रोमांच उभे करणारा स्नायू हवा. तो कातडीतून योग्य कोनात बाहेर यायला हवा, आणि एकदा गळल्यावर पुन्हा उगवायला हवा. २०२० मध्ये कार्ल कोलर यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत केसांसकट कातडीचे गोळे वाढवले, तेव्हा चार-पाच महिने लागले. २०२२ मध्ये योकोहामाच्या संशोधकांनी उंदराच्या भ्रूणपेशींपासून बशीत जवळजवळ तीन मिलिमीटर केस वाढवला. ही प्रगती खरी आहे. मात्र अशा हजारो कुप्या, सगळ्या एका दिशेने झुकलेल्या, गाठ होऊन न वाढणाऱ्या, आणि मध्यमवर्गीय माणसाला परवडतील अशा, हे अंतर अजून बरंच आहे. तोवर मिनॉक्सिडिल आणि, डॉक्टरच्या सल्ल्याने, फिनास्टेराइड ही जुनी औषधं वेळेवर सुरू करणं जास्त शहाणपणाचं. कुप्या लहान होत असतानाच त्यांना सावरता येतं.

काहींना हा सगळा खटाटोपच फुकाचा वाटतो. कर्करोग, क्षय राहिले बाजूला आणि विद्वान लोक टकलाच्या मागे, असं ते म्हणतात. बुलढाण्यात केस गेलेल्या मुलींची लग्नं लांबणीवर पडल्याच्या बातम्या वाचल्यावर केस ही निव्वळ हौस आहे असं मला म्हणवत नाही. आणि गोष्ट केसांपाशी थांबतही नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येही आहे. भाजलेल्या माणसाचा जीव दान केलेल्या कातडीने आणि त्याच्याच मांडीच्या पातळ पापुद्र्याने वाचतो. पण त्या पापुद्र्यासोबत केसांच्या कुप्या आणि घामाच्या ग्रंथी येत नाहीत, त्या खोल राहतात. भरून आलेली कातडी गुळगुळीत, कोरडी, उन्हात तापणारी असते. जखम झाल्यावर नवी कातडी ज्या पेशींपासून बनते त्यांत केसाच्या कुपीतल्या मूलपेशीही असतात, म्हणून कुप्या नसलेली कातडी पुन्हा फाटली की भरायला उशीर लागतो. इथे मात्र मूळच उरलेलं नसतं. नेहमीच्या टकलात निरोप हरवलेला असतो, भाजलेल्या कातडीत ऐकणारंही कुणी नसतं, आणि म्हणून पेशी नव्याने नेऊन ठेवण्याची गरज टकलाहून तिथे जास्त खरी आहे. हा उपचार पहिल्यांदा यशस्वी झालाच, तर तो लाखभर केसांच्या डोक्यावर व्हावा असं नाही. स्टोव्हच्या भडक्यात जळालेल्या भुवईला काही शे केस पुरतात, ते एका बाजूला झुकलेले असले आणि डोळ्यात उतरणारा घाम अडवू शकले की झालं.